गौरीच्या गोळ्या

मला प्रश्न विचारायची खोड आहे आणि माझं पोटही त्याच खोडीवर चालतं. दादरच्या एका चष्म्याच्या दुकानात मी गेली एकोणीस वर्षं लोकांचे डोळे तपासते. "आता बरं दिसतंय, की मघाशी बरं दिसत होतं?" हे वाक्य दिवसभर तोंडात असतं. घरी आल्यावरही ते बंद होत नाही. माझा नवरा संजय मला 'चौकशीची खिडकी' म्हणतो. या खिडकीला जेवणाची सुट्टीसुद्धा नसते, अशी त्याची तक्रार आहे.

चव्वेचाळिसाव्या वर्षी मला स्तनाचा कॅन्सर निघाला. त्याला आता दोन वर्षं होऊन गेली. डॉक्टरांनी पूर्ण स्तन न काढता फक्त गाठ आणि तिच्या भोवतालचा भाग काढला. अशी शस्त्रक्रिया झालेल्या प्रत्येक बाईच्या डोक्यात एकच प्रश्न घर करून बसतो: तो परत येईल का? मीही तो भेटेल त्याला विचारला. एवढ्या चौकशा करून एक चौकशी मात्र माझ्याकडून राहून गेली, आणि ती फार साधी होती. तुमच्याकडून राहू नये, म्हणून हे लिहिते आहे.

रिपोर्टचा दिवस

रिपोर्ट घ्यायला आम्ही दोघं परळच्या हॉस्पिटलात गेलो, तेव्हा घरून पोहे खाऊन निघालो होतो. सर्जननी कागद वाचला आणि शांतपणे सांगितलं. संजयच्या हातातली पाण्याची बाटली खाली पडली. मी मात्र विचारलं, "सर, हा कधीपासून आत असेल?"

ते थोडे चकित झाले. म्हणाले, "नक्की सांगता येत नाही. काही वर्षंसुद्धा असू शकतो."

म्हणजे मागच्या दिवाळीत मी चकल्या तळत होते तेव्हा तो होता. लेकीला पुण्याच्या हॉस्टेलवर सोडून आलो तेव्हाही होता. मला भीती वाटण्याआधी राग आला. माझ्याच अंगात कोणी इतके दिवस राहत होतं आणि मला, जी शेजारच्या घरात आलेल्या पाहुण्यांचीही खबर ठेवते, पत्ताच नव्हता.

संजय एकाच गोष्टीवर अडून बसला. "सर, सगळंच काढून टाका. कटकटच नको."

सरांनी कागदावर चित्र काढून समजावलं. गाठ लहान आहे. स्तन राखला आणि नंतर रेडिएशन पूर्ण घेतलं, तर आयुष्याच्या दृष्टीने फरक पडत नाही. त्याच स्तनात परत उगवण्याची शक्यता थोडी जास्त राहते, आणि ती कमी करायलाच रेडिएशन.

"थोडी म्हणजे किती?" मी विचारलं.

"ते ऑपरेशननंतरच्या रिपोर्टवर ठरेल. कडा कशा येतात, काखेतल्या गाठींत काही आहे का, पेशी किती आक्रमक आहेत. तुमचं वयही तसं कमी आहे, तेही धरावं लागतं."

चव्वेचाळीस वय कुणीतरी कमी म्हणालं, याचा त्या क्षणी मला आनंद झाला. तो आनंद चुकीचा होता, हे मागाहून कळलं. या आजारात वय कमी असणं ही जमेची बाजू नसते.

टॅक्सीत बसल्यावर मी रडायला लागले ती घर येईपर्यंत रडतच होते.

शाई

पहिल्या ऑपरेशननंतर दहा दिवसांनी रिपोर्ट आला. एका बाजूला पेशी शाईला लागलेल्या होत्या. सर म्हणाले, पुन्हा थोडं काढावं लागेल.

शाई? माझ्या छातीत शाई कुठून आली? सरांच्या दाराबाहेर अजून चाळीस माणसं बसली होती, म्हणून मी पॅथॉलॉजीच्या खिडकीवर गेले. तिथे एक जाड भिंगाचा चष्मा लावलेला टेक्निशियन होता. चष्म्याची एक दांडी सैल होती. मी पर्समधून बारका स्क्रू-ड्रायव्हर काढून ती घट्ट करून दिली. मग त्याने मला अगदी मनापासून समजावलं.

काढलेल्या तुकड्याला ते बाहेरून शाई फासतात. मग त्याचे पातळ काप करतात. काप झाल्यावर बाहेरची कड कुठली, हे शाईवरून ओळखू येतं. कॅन्सरच्या पेशी त्या शाईपर्यंत पोचलेल्या दिसल्या, तर काही आत मागे राहिल्या असाव्यात अशी शंका. शाईपर्यंत पोचल्या नसतील, तर कड साफ.

"आणि मागे राहिल्या तर रेडिएशनने मरत नाहीत?"

"मॅडम, रेडिएशन झाडूसारखं आहे. कचरा निघतो, पण कपाट सरकवायचं काम त्याचं नाही," तो म्हणाला.

दुसरं ऑपरेशन झालं. या वेळी सगळ्या कडा साफ आल्या. दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायला आम्ही स्लाइड मागून घेतल्या होत्या. परत द्यायच्या आधी मी एक स्लाइड दुकानात नेली आणि खिडकीच्या उजेडात धरली. काचेवर नखाएवढा गुलाबी-जांभळा डाग होता. भिंगातून पाहिलं तरी काही कळलं नाही, पण मी बराच वेळ पाहत राहिले. ज्याने माझी झोप उडवली तो एवढासाच होता, आणि दिसायला चक्क सुंदर होता.

तीन आठवडे रेडिएशन

रेडिएशन सोमवार ते शुक्रवार, रोज एकाच वेळी. मला सकाळी पावणेनऊची वेळ मिळाली होती. घरून चालत वीस मिनिटं. छातीवर गोंदणासारखे बारीक ठिपके काढले होते, त्यांवर लाल किरण जुळवायचे. हात डोक्यावर धरून पडून राहायचं. मशीन फिरतं, काही दुखत नाही, पाच-सात मिनिटांत बाहेर. तिसऱ्या आठवड्यात मात्र कातडी उन्हात भाजल्यासारखी झाली आणि ब्लाउज नकोसा झाला.

तिथे गाऊन देणाऱ्या एक मावशी होत्या. पहिल्या दिवशी त्यांनी माझ्यासाठी ढिगातला मऊ झालेला जुना गाऊन शोधून काढला. नंतर तो रोज माझ्यासाठी बाजूला काढून ठेवायच्या. म्हणायच्या, "नवा कडक असतो गं, टोचतो." एवढ्या मोठ्या हॉस्पिटलात कुणीतरी आपला गाऊन ओळखतं, याचा केवढा आधार वाटतो ते तिथे झोपल्याशिवाय कळत नाही.

रांगेत बसून मी सगळ्यांना विचारत असे. हळूहळू माझ्या डोक्यात दोन ढीग तयार झाले. एका ढिगात माझ्या हातात नसलेल्या गोष्टी: माझं वय, गाठीची जात, ती किती आक्रमक होती, काखेत काय सापडलं. माझी काख साफ होती, देवाची कृपा. दुसऱ्या ढिगात हातातल्या गोष्टी: कडा साफ होईपर्यंत शस्त्रक्रिया, एकही दिवस न चुकवता रेडिएशन, वजन आवाक्यात ठेवणं, वेळच्या वेळी तपासणी. आणि रोजची गोळी.

माझा कॅन्सर बायकांच्या हार्मोनवर पोसला जाणारा होता. त्याला ते खाद्य मिळू नये म्हणून रोज एक गोळी, निदान पाच वर्षं. कॅन्सरच्या डॉक्टरीणबाई, आम्ही त्यांना मॅडम म्हणतो, फार ठासून म्हणाल्या, "पुष्कळ बायका बरं वाटलं की ही मधेच सोडतात. ते करू नका." मी सोडली नाही. अंगातून वाफा निघायच्या, पाळी दोन-दोन महिने गायब व्हायची आणि मग न सांगता उगवायची, पण गोळी चुकली नाही.

"आणखी कुठल्या गोळ्या चालू आहेत?" मॅडमनी तेव्हा विचारलं होतं.

"काही नाही," मी म्हणाले होते. आणि मी खोटं बोलत नव्हते.

स्वातीची पिशवी

आमचं घर मूळचं मालवणकडचं. सासरे गिरणीत होते, ते आता नाहीत. चाळीच्या जागी टॉवर झाला, त्यात सातव्या मजल्यावर आम्ही आणि सासूबाई राहतो. गणपती आणि गौर आमच्याकडेच. धाकटी जाऊ स्वाती डोंबिवलीहून येते.

गौर आणायचा मान थोरल्या सुनेचा, म्हणजे माझा. तेरड्याची जुडी, तीच गौर. पूर्वी ती चाळीच्या नळावरून आणायचे, आता तळमजल्याच्या नळावरून आणतो आणि ती लिफ्टने वर येते. आणणारीने घरात पोचेपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. माझ्यासाठी वर्षातली सगळ्यात कठीण पाच मिनिटं. आणि अर्थातच, आणणारीला पाळी आलेली चालत नाही.

त्यावर आमच्याकडे, आणि खरं तर आख्ख्या इमारतीत, ठरलेला उपाय आहे. गणपतीच्या आधी पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या. स्वाती सगळ्यांच्या एकदम आणते. औषधवालाही चिठ्ठी मागत नाही, "गौरीच्या ना?" म्हणून काढून देतो. घरात सासूबाई प्रत्येकीच्या हातात आपापली पट्टी ठेवतात. लग्नाला बावीस वर्षं झाली, बहुतेक दर वर्षी मी घेतल्या. उपचार संपल्यावरच्या पहिल्या गणपतीतही सासूबाईंनी पट्टी हातात ठेवली. माझ्या पाळीचा भरवसा नव्हता, म्हणून स्वाती म्हणाली, "वहिनी, तुम्ही आपल्या गौरीच्या पाच दिवस आधीपासूनच सुरू करा."

मी केल्या. त्या माझ्या लेखी औषध नव्हत्याच. तोरण, रांगोळी, अगरबत्ती, गोळ्या, अशी ती सणाची खरेदी होती.

आरतीपुरता चष्मा

गणपतीच्या आदल्या दिवशी दुकानात एक निवृत्त हेडमास्तर आले. आरतीचं पुस्तक वाचता येत नाही, उद्याच्या आत चष्मा हवा. मी नंबर काढला आणि जवळचं वाचायचं कार्ड दिलं. त्यांनी ते घडाघडा म्हटलं.

"हे कार्ड मला पाठ आहे," ते म्हणाले. "गेल्या वेळीही हेच होतं. दुसरं काहीतरी द्या. याहून बारीक."

याहून बारीक काय असणार? माझ्या डब्याच्या पिशवीत गोळ्यांचं खोकं होतं. या वेळी स्वातीने भारीतला ब्रँड आणला होता, आत घडी घातलेला कागद होता. औषधाच्या कागदाइतकं बारीक जगात काही छापत नाहीत. मी तो उलगडून त्यांच्या हातात दिला.

मास्तर खूश झाले. इंग्रजीचे मास्तर होते. खणखणीत आवाजात वाचायला लागले, आणि एका जागी थांबून माझ्यासाठी मराठीतही सांगितलं, "ज्यांना स्तनाचा कर्करोग आहे किंवा पूर्वी होऊन गेला आहे, त्यांनी हे औषध घेऊ नये. बघा, किती स्पष्ट दिसतंय!"

"परत वाचा," मी म्हणाले.

त्यांना वाटलं मी नंबरची खात्री करतेय. त्यांनी परत वाचलं. मी त्यांना चष्म्याची फ्रेम दाखवली, पावती केली, हसलेसुद्धा. मग आतल्या खोलीत जाऊन मॅडमना फोन लावला. हातात खोकं होतं. रोज तीन, अशा तीन दिवसांच्या नऊ गोळ्या संपल्या होत्या. मॅडमनी फोन उचलताच मी खोक्यावरचं नाव वाचून दाखवलं आणि किती झाल्या ते सांगितलं.

मॅडम रागावल्या नाहीत. "आजपासून बंद. तीन दिवसांनी आभाळ कोसळत नाही, पण पुन्हा नाही. ते हार्मोनच आहे. आपण रोजच्या गोळीने जी वाट बंद करतोय, तिथे दुसऱ्या दाराने हार्मोन आत घ्यायचं नाही. आणि बंद केल्यावर दोन-तीन दिवसांत पाळी येईल, घाबरू नका."

दोन-तीन दिवसांत. म्हणजे नेमकी गौरीला.

मी पुढचं विचारलंच. "मॅडम, बावीस वर्षं घेतल्या. त्यानेच झाला का मला?"

"वर्षातून आठवडाभर घेतलेल्या गोळ्यांवर एका बाईच्या बाबतीत असं बोट ठेवता येत नाही. कुणालाच नाही येणार. जे मागे झालं त्याचा शोध सोडा. पुढचं तुमच्या हातात आहे."

सांगणं

संध्याकाळी सासूबाई मोदकांसाठी नारळ खवत होत्या. मी समोर बसले आणि सगळं सांगितलं. संजय सोफ्यावरून खुणा करत होता, नको, नको म्हणून.

सासूबाईंचा हात थांबला. "म्हणजे मीच दिलंय तुका?"

"तसं नाही आई. मॅडम म्हणाल्या, सांगता येत नाही."

"दर वर्सा तुझ्या हातात मीच ठेवलंय त्यो गोळ्यो." त्यांनी खवणी बाजूला सारली. "सांगता येत नाय म्हणजे 'नाय' न्हय गो."

हेच मी फोन ठेवल्यावर स्वतःशी म्हटलं होतं. "'हो' पण नाही ना, आई," मी म्हणाले. त्यांनी मला मॅडमचं बोलणं तीनदा सांगायला लावलं. मग उठून गेल्या. रात्री जेवल्या नाहीत.

संजय माझ्यावर भडकला. "तुला काय गरज होती आईला सांगायची? गुपचूप बंद करायच्या होत्यास. आता ती आयुष्यभर हेच धरून बसेल."

"आणि पाळी आल्यावर काय सांगणार होते? पुढच्या वर्षी काय सांगू? आणि उद्या रुचाच्या हातात पट्टी ठेवतील तेव्हा?" रुचा म्हणजे आमची लेक. पण त्याचंही चूक नव्हतं. एका म्हातारीच्या मनात मी असा प्रश्न टाकला होता ज्याचं उत्तर कुणाकडेच नाही, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला प्रश्न या गोष्टीचीच भीती वाटली.

गणपती बसले. आरत्या झाल्या, माणसं येऊन गेली. सासूबाई माझ्याशी कामापुरतं बोलत होत्या. उरलेल्या गोळ्यांची पट्टी मी देवघराच्या खणात ठेवली होती, ती कधी नाहीशी झाली ते कळलं नाही. स्वातीला विचारलं तर ती म्हणाली, "माझी पण काढून घेतली हो आईंनी."

गौर

गौरीच्या दिवशी सकाळीच मला पाळी आली. मी सासूबाईंना हळूच सांगितलं आणि आतल्या खोलीकडे वळले. गौर स्वाती आणेल असं मी धरून चालले होते.

"खंय चललंस?" सासूबाई म्हणाल्या.

"आत बसते."

"आत बसान काय करतलंस? तेरडो कोण धरतलो?" त्यांनी कुंकवाचं ताट स्वातीच्या हातात दिलं. "चला, बिगीबिगी. उशीर झालो तर लिफ्ट गावाची नाय."

त्यांनी यावर दुसरं काहीही म्हटलं नाही. मी विचारायला तोंड उघडलं, तर त्यांनी चप्पल पायात सरकवली होती. आम्ही खाली गेलो. नळावर तेरडा धुतला, हळदकुंकू लावलं, जुडी माझ्या हातात दिली. त्या क्षणापासून माझं तोंड बंद.

लिफ्टमध्ये आम्ही तिघी आणि वर जाणाऱ्या दोघी. नवव्या मजल्यावरच्या काकी आणि त्यांची सून प्रिया. लग्नाला वर्षच झालेलं.

"काय वैशाली, तब्येत बरी ना?" काकींनी मला विचारलं आणि मग आठवून हसल्या. "अगं बाई, हिला बोलायचं नाही. तू यंदाही आणलीस हां गौर! गोळ्या चालतात ना तुला आता?"

"नाय चालत," सासूबाई म्हणाल्या. "आमच्या घरात त्यो गोळ्यो बंद झाल्यो. पाळी आजच इली तिची."

काकी तेरड्याकडे पाहू लागल्या. स्वातीने ताटाकडे मान घातली. माझा चेहरा तापला, आणि त्याच वेळी मला सासूबाईंना तिथल्या तिथे मिठी मारावीशी वाटली. दोन्ही हातांत गौर होती म्हणून राहिलं.

पाचवा मजला गेला. प्रिया सासूच्या मागून हळूच पुढे सरकली. "आजी, मी पण परवापासून घेतेय. माझ्या आईला होता हो, छातीचा. मला चालतात का त्या?"

काकींनी वळून सुनेकडे पाहिलं. हे त्यांना बहुतेक माहीतच नव्हतं.

सासूबाईंनी माझ्याकडे बोट केलं. सातवा मजला आला आणि दार उघडलं.

"हिका विचार. आणि हिच्या डाक्तरणीक विचार, माका नको. दोघी या आमच्याकडे," त्या म्हणाल्या. "पण आत गेल्यार. आता तिच्या हातात गौर आसा."